आवडीने केलेला सत्कार

रोह्याहून धाटावकडे निघालं की कंपन्यांच्या चिमण्या दिसायच्या जरा आधी डाव्या हाताला एक टायरचं दुकान लागतं. त्याच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या छपराची एक बुटकी, लांबट खोली आहे. दारावर लाकडी क्रूस नसता तर तिला कुणीही गोदामच म्हटलं असतं, आणि आधी ती खताचं गोदाम होतीही. पावसाळ्यात अजून भिंतींना खताचा वास सुटतो. नवा माणूस प्रार्थनेला आला की डोळे मिटून घेतो आणि नाकाने मात्र वासाचा माग काढत बसतो.

या चर्चची चावी आवडी हिलमच्या कमरेला असायची.

आवडी कुंडलिका नदीपलीकडच्या करवंदवाडीची. पंचवीस-तीस घरांची कातकऱ्यांची वाडी, टेकाडाच्या अंगावर पसरलेली. आवडीला वय विचारलं की ती आधार कार्ड पुढे करायची. त्यावर जन्मतारीख एक जानेवारी. "अख्खी वाडी एक जानेवारीलाच जन्मली," ती सांगायची. "त्या दिवशी सुईनीचे काय हाल झाले असतील!"

नऊ वर्षांपूर्वी ती इथे झाडू मारायला लागली. मग लादी पुसणं आलं, मग सतरंज्या उन्हात घालणं, मग चावी. खालच्या गावातला एखादा माणूस वाटेत अडवून विचारायचा, "काय गो आवडे, बाटलीस काय?"

"बाटायला येळ कुठं हाय? अजून अर्धी लादी पुसायची हाय," म्हणत ती पुढे निघायची.

चर्चचे पास्टर आदेश साळवे, मूळचे नगरकडचे, पस्तिशीचे, सडपातळ आणि सदा घाईत असलेले. त्यांचा मुक्काम पेणला. रविवारी सकाळी पेणच्या एका खोलीत पंधरा माणसांची प्रार्थना घ्यायची, मग मोटरसायकलला किक मारून रोह्याला यायचं आणि इथल्या चाळीस माणसांची घ्यायची. हायवेची धूळ अंगावर घेऊन ते उपदेशाला उभे राहायचे, त्यामुळे त्यांच्या उपदेशात माती फार असते असं आवडी म्हणायची. त्यांनी तिला फक्त एकदाच विचारलं होतं, "मावशी, कधी आत यावंसं नाही वाटलं?"

"चावी माझ्याकडं हाय पास्टर. अजून किती आत येऊ?"

पास्टर खूप हसले. पुन्हा कधी त्यांनी हा विषय काढला नाही.

चर्च लहान, पण दानधर्माची हौस मोठी. नाताळच्या आधीच्या शनिवारी करवंदवाडीत ब्लँकेटवाटप व्हायचं, आणि ते घडवून आणायचे कुरियनसाहेब. हे केरळचे. धाटावच्या एका कंपनीत तीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होते, आता निवृत्त. बायको गेलेली, मुलगी परदेशात. रोह्यात इतकी वर्षं काढूनही मराठीतली लिंगं त्यांच्या ताब्यात आली नव्हती. गळ्यात कंपनीच्या दिवसांतली शिट्टी. शिट्टी वाजवल्याशिवाय चांगलं कामही नीट होत नाही, असा त्यांचा पक्का समज होता.

आता यातली गोम अशी, की डिसेंबरात करवंदवाडीत माणसंच नसायची. दिवाळी आटोपली की घरंच्या घरं कुलूप लावून वीटभट्ट्यांवर निघून जायची, कुणी पेणकडे, कुणी त्याच्याही पलीकडे, ती थेट पावसाच्या तोंडाला परत. मागे उरायची अकरा म्हातारी माणसं आणि शेरडं.

पहिल्या वर्षी कुरियनसाहेब चाळीस ब्लँकेटं घेऊन येणार असं कळलं, तेव्हा आवडीला त्यांची दया आली. एवढी इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं टेकाड चढून धापा टाकत येणार, आणि लाईनीत अकरा म्हातारे! बिचाऱ्यांचा किती हिरमोड होईल. म्हणून ती खालच्या गावात मालूकडे गेली. मालू चांगली खाऊनपिऊन सुखी शेतकरीण. भाताची, वालाची शेती. आवडीची लहानपणापासूनची गडणी आणि खोडसाळपणात तिच्याहून काकणभर सरसच. मालूने गावातल्या बायका गोळा केल्या, जुनेर नेसायला लावलं, आणि लाईन लागली. मालू स्वतः तीनदा उभी राहिली. एकदा साधी, एकदा डोक्यावरून पदर ओढून, एकदा खोकत. ब्लँकेटं तिने वालाच्या मळणीवर झाकायला नेली.

तिसऱ्या वर्षी कुरियनसाहेबांनी तिला पकडलंच. "हा बाई आत्ताच घेऊन गेली!"

"ती नव्हं सायेब," आवडी म्हणाली. "ती हिची जुळी."

कुरियनसाहेबांनी वहीत टिपून घेतलं. वर्षाच्या अहवालात ओळ आली: 'वाडीत जुळ्यांचे प्रमाण असामान्य आहे, वैद्यकीय पाहणी व्हावी.' पुढच्या वर्षी चर्चमधल्या एक नर्सबाई खरोखरच पाहणीला आल्या. पण त्या दिवशी वाडीतली झाडून सगळी जुळी बाजारला गेली होती.

असं बरं चाललं होतं. कुरियनसाहेब खूश, फोटो भरगच्च, मालूचा वाल कोरडा. आवडीला यात काही वावगं वाटत नव्हतं. पाहुण्याचं मन राखायची आपली रीतच आहे.

बिनसलं ते रोशनीमुळे.

रोशनी आवडीची नात. रवी आणि शिल्पा, म्हणजे आवडीचा मुलगा आणि सून, दर वर्षी पेणच्या बाजूला भट्टीवर जायचे आणि रोशनीला सोबत न्यायचे. वाडीतल्या सगळ्याच पोरांचं तसं. दिवाळीला शाळा सुटायची ती जूनलाच भरायची, आणि तोवर बाराखडी निम्मी विटांच्या मातीत कालवली जायची. रोशनी चौथीत गेली तेव्हा आवडी हट्टाला पेटली. "पोरगी माझ्याकडं ऱ्हाईल. एका पोरीला भाकर मी घालीन." रवी कुरकुरला, शिल्पा मात्र पोरीची चड्डी-फ्रॉक आवडीच्या पेटीत ठेवून गेली.

पंधरा दिवसांनी रोशनी वाडीच्या एका वर्गाच्या शाळेतून आली आणि पाटी फेकून बसली.

"आजी, मी उद्यापासून जानार नाय."

"का गो? गुरुजींनी मारलं?"

"वर्गात मी एकटीच हाय. गुरुजी सगळे प्रश्न मनाच इचारतात. गणित पन मनाच, कविता पन मनाच. फळा पन मीच पुसायचा. काल गुरुजी बोलले, शांत बसा रे सगळे! म्हंजे मीच." तिने नाक पुसलं. "माझा पयला नंबर येतो आनि शेवटचा पन माझाच येतो. मना भट्टीवर जायचं. तिथं सगळ्या हायत."

आवडीला आधी हसू फुटलं, मग तिने फेकलेली पाटी उचलून कोनाड्यात ठेवली. एका पोरीला भाकर घालून शाळा होत नाही हे तिच्या ध्यानात आलं. बाकीची पोरं मागे ठेवायची तर दुपारची खिचडी शाळा देईल, पण संध्याकाळी त्यांच्यापुढे ताट कोण मांडणार? मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचंच एकेकाचं चुलीशी वैर. त्यांच्यातला केरू तर तीन-तीन दिवस नुसत्या चहावर काढायचा आणि उपास आहे म्हणून सांगायचा.

दुसऱ्या दिवशी लादी पुसता पुसता तिने पास्टरना गाठलं. "पास्टर, औंदा ब्लँकेट नको. त्याच्या जागी सांजच्याला जेवन घाला. पोरांना आनि म्हाताऱ्यांना. रांधते मी."

पास्टरना ते चटकन पटलं. त्यांनी चर्चच्या कमिटीत विषय मांडला. कमिटी म्हणजे मुख्यतः कुरियनसाहेब. ते म्हणाले, "ब्लँकेट ऑर्डर झाली. बॅनर पण छापला. नेक्स्ट इयर बघू." आणि मग जरा दुखावल्या आवाजात, "आवडीबाईला थंडी काय असतो माहीत नाही काय?"

रोह्याची थंडी ती केवढी! पहाटे दोन तास येते आणि सूर्याला बघून पळून जाते. पास्टरनी येऊन हे सांगितलं तसं आवडीने नुसतं फडकं पिळलं. ती कधी गप्प बसत नसे, त्यामुळे पास्टरच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

ती गेली केरूकडे. केरू सत्तरीचा, वाळक्या शेंगेसारखा. तरुणपणी खेकडे धरण्यात आणि सोंगं काढण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. आवडीने सगळं सांगितलं तसे त्याचे डोळे लुकलुकायला लागले.

"किती ब्लँकेटं असतील गो वाडीत?"

"चर्चची, कंपन्यांची, पुढाऱ्यांच्या वाडदिवसाची, समदी धरलीस तर शंभराच्या वर जातील. घरटी चार-पाच हायतच."

"मंग काढू सगळी भायेर," केरू म्हणाला. "बिचारी माळ्यावर घुसमटली असतील."

शनिवार उजाडला. कुरियनसाहेब शिट्टी घालून पुढे, मागे गठ्ठे वाहणारी कमिटीची माणसं, शेवटी पास्टर, अशी वरात टेकाड चढून आली. वाडीच्या तोंडाशी त्यांच्या स्वागताला एक शेळी उभी होती. तिच्या अंगावर करड्या रंगाचं ब्लँकेट, पोटाखालून सुतळीने व्यवस्थित बांधलेलं, आणि त्याच्या कोपऱ्यावर कुठल्याशा साहेबांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. कुरियनसाहेब थांबले. शेळीने त्यांच्याकडे पाहून रवंथ चालू ठेवलं.

पुढे गेले तर कोंबड्यांच्या खुराड्यावर ब्लँकेट, पेंढ्यावर ब्लँकेट, कुंपणावर एकाला एक लावून ब्लँकेटं, शेतातल्या बुजगावण्याच्या खांद्यावर ब्लँकेट. एका फणसाच्या बुंध्यालाही गुंडाळलं होतं. लाईन मात्र कुठेच नव्हती. चावडीसमोर घोंगडी अंथरून अकरा म्हातारी माणसं धुतल्या कपड्यांत मानाने बसली होती, आणि वर गेल्या वर्षीचाच बॅनर उलटा करून बांधला होता. त्याच्या पांढऱ्या पाठीवर कोळशाने रोशनीच्या हातचं मोठं अक्षर: 'करवंदवाडी तरफे गरजू चर्चला बलांकेट वाटप.'

पास्टर आदेशनी ते वाचलं आणि खोकल्याचं निमित्त करून पाठ फिरवली. त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते.

कुरियनसाहेबांनी सवयीने शिट्टी तोंडाशी नेली. आवडी पुढे झाली. "सायेब, आज शिट्टी मना द्या." आणि ते काही उमजायच्या आत तिने शिट्टी गळ्यातून काढून घेऊन फुंकली सुद्धा. "चला, लाईन करा! ढकलाढकली नको! एका घरचा एकच मानूस! फोटोला हसायचं!"

कमिटीची माणसं खरोखरच लाईनीत उभी राहिली. शिट्टी वाजली की उभं राहायचं, हे अंगात भिनलेलं. केरू एकेकाच्या खांद्यावर ब्लँकेट घालू लागला, वर हातात नारळ. नर्सबाई दोनदा लाईनीत शिरल्या, तेव्हा गंमत बघायला आलेल्या बायकांतून मालू ओरडली, "जुळी हाय गो ही!" आणि वाडी, खालचं गाव, कमिटी, सगळे पोट धरून हसले.

कुरियनसाहेब सोडून सगळे.

त्यांच्या खांद्यावर केरूने घातलेलं ब्लँकेट चर्चचंच होतं, कोपऱ्यावरच्या क्रुसाच्या शिक्क्यासकट. त्यांनी ते काढलं, नीट चार घड्या घातल्या. "बाकी लोक कुठे आहेत?"

"भट्टीवर," आवडी म्हणाली.

"कधीपासून?"

"दर सालीच असतात. दिवाळी झाली की."

"मग लाईनमध्ये कोण होते? नऊ वर्षं?" त्यांची नजर मालूकडे गेली. मालूचं हसू ओसरलं. कुरियनसाहेबांनी सगळं समजलं अशी मान हलवली, घडी केलेलं ब्लँकेट हलकेच बाजेवर ठेवलं आणि एकटेच टेकाड उतरून गेले. जाताना शिट्टीही मागितली नाही.

चेष्टा उतरली की कधी कधी तोंडाला कडवट चव राहते. आवडीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. साहेबाचं नाक कापायचं तिच्या मनात नव्हतं, फक्त त्याचे डोळे उघडायचे होते. पण दोन्ही गोष्टी एकाच चेहऱ्यावर असतात, जरा हात चुकला की संपलं.

सोमवारी ती चर्चला गेली तर कुरियनसाहेब पायरीवर बसलेले. तिने कुलूप काढलं, कोरा चहा केला, कप त्यांच्या शेजारी ठेवला आणि कपाजवळ शिट्टी ठेवली.

कप तोंडाला लावता लावता ते म्हणाले, "आवडीबाई, नऊ वर्षं मी फोटो कोणाची काढला?"

आवडीला खोटं बोलवेना. "जास्ती करून मालूचा."

कुरियनसाहेबांच्या तोंडातला चहा नाकात गेला. ते ठसकले, डोळ्यांत पाणी आलं, आणि ठसका कुठे संपला नि हसू कुठे सुरू झालं ते आवडीला कळलं नाही. मग डोळे पुसत त्यांनी सांगितलं. ते सात वर्षांचे असताना गावाला पूर आला, घर गेलं. अख्खी रात्र शाळेच्या छपरावर काढली. सकाळी होडी आली, आणि चर्चच्या एका माणसाने त्यांना घोंगडीत गुंडाळून उचललं. त्या घोंगडीचा वास अजून त्यांच्या नाकात होता.

आवडी फडकं बाजूला ठेवून खाली बसली. "तवा तुमाला थंडी वाजत होती सायेब. ज्यानं दिली त्यानं ते बघितलं आनि घोंगडी दिली. आमच्याकडं बघा ना तसं. आमाला थंडी नाय वाजत. आमची पोरगी वर्गात एकटी बसते."

कुरियनसाहेबांनी कप खाली ठेवला. "किती पोरं?"

"पेनच्या भट्टीवर धा हायत आमच्या वाडीची."

"चला."

"कुठं?"

"पेण. सेफ्टीचा नियम आहे. आधी साइट बघायचा."

त्यांची जुनी ओम्नी गाडी निघाली. नागोठणं मागे पडलं, पेणला पास्टर वाटेत येऊन मिळाले. भट्टीवर धूर, राख आणि ओळीने मांडलेल्या कच्च्या विटा. रवी गाऱ्यात उभा, शिल्पा साचा भरत होती. पोरं कोरड्या विटा पालथ्या करत इकडून तिकडे पळत होती. रोशनी म्हणाली होती ते खरंच, सगळ्या इथेच होत्या.

मुकादम काळुराम बिडी ओढत आला. पास्टरनी गोड शब्दांत सांगून पाहिलं. काळुराम म्हणाला, "पोरं नेली तर आईबापांचा जीव लागंल काय कामात? नाय जमनार."

इतक्यात कुरियनसाहेबांच्या अंगातला सेफ्टी ऑफिसर जागा झाला. तीस वर्षांची खोड, जाणार कुठे! त्यांनी खिशातून वही काढली. भट्टीला एक फेरी मारली. वायर उघडी दिसली, लिहिलं. डिझेलचा डबा आगीजवळ दिसला, मान हलवून लिहिलं. "वाळूचा बादली कुठे आहे? एकही नाही?" पुन्हा लिहिलं.

काळुरामची बिडी विझली. "हे सायेब कोन गो?" त्याने आवडीला हळूच विचारलं.

"बघ ना," आवडी म्हणाली, "लिवूनच घेतात सगळं."

"आणि लहान पोरं विटा उचलतात," कुरियनसाहेब पुटपुटले आणि पेन पुन्हा टेकवलं.

"पोरं कुठं काम करतात सायेब!" काळुराम धावला. "ती आता घरलाच निघाली व्हती! अरे रवी, बघतोस काय, पोरांच्या पिशव्या भर!"

पण मुकादमाला गुंडाळणं सोपं, आयांना नाही. एक जण सहा वर्षांच्या मुलीला पोटाशी धरून उभी राहिली. "सांजची रडली म्हंजे?" तिने विचारलं. आवडीने पोरीच्या गालावरची राख पुसली. "रडंल," ती म्हणाली. "पयले आठ दिवस रडंलच. मी कडंवर घेईन." तेव्हा शिल्पा चिखलाचे हात तसेच घेऊन पुढे आली. "माझी ऱ्हायली हाय आत्यांकडं," ती म्हणाली. "वाळली नाय." एवढंच. दहापैकी सात पोरं ओम्नीत बसली. तिघांच्या आयांनी नाहीच पाठवली, आणि आवडीने त्यांना एका शब्दाने बोल लावला नाही.

परतीच्या वाटेवर कुरियनसाहेबांना एकदम उलगडा झाला. "आवडीबाई! तो मला सरकारी माणूस समजला! तुम्ही खोटा बोलला?"

"मी कुठं काय बोलले? लिवत तर तुमीच होतात."

केरूच्या अंगणात चूल मांडली. पहिल्या दिवशी चर्चच्या बायकांनी मोठ्या हौसेने सांबार केलं. पोरांनी एकेक घास घेऊन एकमेकांकडे पाहिलं, आणि सहा वर्षांची ती पोर अखेर रडली, आईसाठी नव्हे, सांबारासाठी. दुसऱ्या दिवसापासून आवडीने पळी हातात घेतली. वालाचं बिरडं, भात, बाजारच्या दिवशी सुकट. वाल मालूने घरून आणला. "नऊ सालं ब्लँकेटाखाली वाळलाय," ती कुरियनसाहेबांना म्हणाली, "तुमचाच समजा." कुरियनसाहेब दर गुरुवारी कांदे चिरायला यायचे, कंपनीतला सेफ्टी गॉगल डोळ्यांवर चढवून. त्यांना बघायला पोरं शाळेतून धावत यायची.

खालच्या गावात कुजबुज व्हायची ती झालीच. दोन माणसं एका संध्याकाळी वर आली, जेवायच्या आधी पोरांना काय म्हणायला लावतात ते बघायला. केरूने पहिला घास रानाकडे टाकला आणि देवाला हाक मारली. पास्टर मनातल्या मनात एक ओळ म्हणाले. दोघांचं होईपर्यंत पोरांची अर्धी ताटं साफ झाली होती. ती दोन माणसं मग जेवूनच गेली. जाताना एकाने बिरड्यात मीठ जरा कमी असल्याचं सांगितलं. आवडीने त्याला दुसऱ्या दिवशी मीठ घेऊन यायला सांगितलं, आणि तो आलाही.

सगळं काही गोडच झालं असं नाही. दोन पोरं जानेवारीत रडून रडून परत भट्टीवर गेली. एक म्हातारी, जेवण सुरू झालं तरी, फेब्रुवारीत गेली. ओम्नी दोनदा टेकाडावर बंद पडली आणि सगळ्या वाडीने ती ढकलली. मार्चमध्ये ब्लँकेटांचे पैसे देणाऱ्या मुंबईच्या एका मोठ्या चर्चकडून वाटपाचे फोटो मागणारं पत्र आलं, तेव्हा पास्टरनी शेळीचा फोटो पाठवून दिला. उत्तर अजून आलेलं नाही. रोशनीचा वर्गात तिसरा नंबर आला, आणि ती निकाल छातीशी धरून वाडीभर सांगत फिरली की आपल्या खाली तिघं आहेत.

महिन्यातून एका रविवारी कुरियनसाहेब पोरांना ओम्नीत घालून पेणला न्यायचे. पास्टरची तिथली प्रार्थना होईपर्यंत आवडी आणि पोरं भट्टीवर. असाच एप्रिलातला एक रविवार. काळुरामने भट्टीशेजारी वाळूच्या दोन लाल बादल्या मांडल्या होत्या आणि साहेबांना त्या लांबूनच दाखवत होता. पोरं आयांच्या अंगावर जाऊन पडली. शिल्पाने रोशनीच्या केसांना चिखल लागू नये म्हणून कोपराने तिला जवळ ओढलं.

"काय शिकलीस गो?"

"वाचता येतं मना. जोडाक्षर पन." रोशनीने इकडेतिकडे पाहिलं. वाचायला काही नव्हतं. मग ती वाळत घातलेल्या विटांपाशी बसली. प्रत्येक विटेच्या मधोमध खोलगट खाच, आणि तिच्यात साच्याने उमटलेली दोन अक्षरं. तिने बोट फिरवून वाचलं, "प... प्पू. पप्पू."

"काय?"

"पप्पू लिवलंय आये. हिच्यावर पन पप्पू. हिच्यावर पन."

शिल्पा विटेवर वाकली. मग रवीकडे वळली. "आवो, हे पप्पू म्हंजे कोन?"

"मालकाचा पोरगा," रवी म्हणाला.

"तो, गाडीवर बसून गुटका खातो तो?" शिल्पाने लांबवर पसरलेल्या विटांच्या रांगा पाहिल्या, हजारोंनी. "म्हंजे आठ सालं मी उनातानात बसून पप्पू पाडते व्हय?"

आवडी विटांच्या ढिगावर बसली होती, ती हसून हसून तिथून घसरली.